टोपी, पाती, फणी

“हालू नोको राजा, डोलू नोको,
माथ्यावर चांद आला, बोलू नोको.
वैनगंगा थांबली, वारा थांबला,
माह्या हाती तुहा जीव, घाबरू नोको.”

महागू न्हाव्याचा हा आवाज तेजरामच्या कानात साठ वर्षं मुक्कामाला होता. आवाज काही गोड नव्हता. तंबाखूनं खरबरीत झालेला, मधेच खोकल्यानं तुटणारा. पण वस्तऱ्याची थंड धार टाळूला लागायच्या आधी तो आवाज लागायचा आणि पोराची मान जागच्या जागी थांबायची, जणू कुणी हनुवटीखाली ओंजळ धरली आहे. महागू गेला, त्याची पेटी त्याच्या पोराकडे, फकिराकडे आली, आणि पेटीबरोबर गाणंही आलं. फकिरा आणि तेजराम एका वयाचे, एका आळीचे. एकानं उकव्याच्या मँगनीजच्या खाणीतल्या वर्कशॉपात पाना धरला. दुसऱ्यानं खाणीच्या गेटासमोर, मोहाच्या झाडाखाली, खुर्ची मांडली.

चार वर्षांपासून ती खुर्ची रिकामी होती. मोहाची फुलं तिच्यात पडत आणि तिथंच सुकत.

त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सूनबाईनं विषय काढला. श्रुतिका खैरलांजीची. लग्नाआधी बालाघाटात घरांचे नकाशे काढायच्या ऑफिसात होती, त्यामुळे बोलणंही पट्टीनं आखल्यासारखं.

“बाबा, तुळशीचं लगन झालं का बाळाचं जावळ करून घेऊ. पण वस्तरा नाही. मशीन. बैहरचा सलूनवाला घरी येते. बटन दाबलं, काम खतम.”

“मशीननं केस कापल्या जाते. जावळ नाही होत,” तेजराम म्हणाला. “ह्या घरातलं पहिलं केस महागूच्या घरानंच उतरवलं हाये. माहं महागूनं. तुह्या नवऱ्याचं फकिरानं.”

“अन् तुमच्या कानामागचं चामडं? ते बी फकिराकाकानंच उतरवलं नं?”

गोदाबाई, तेजरामची बायको, पदर तोंडाला लावून हसली. मुलगा रजत हसला. मांडीवरचा दहा महिन्यांचा नातू, ज्याला आजी त्याच्या गोल डोक्यावरून ‘ढेमस्या’ म्हणायची, तोसुद्धा सगळे हसतात म्हणून हसला. तेजराम नाही हसला. त्याचा हात उजव्या कानामागच्या दोन बोटं लांब वणावर गेला आणि तिथंच थांबला.

त्या वणाची खरी गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

तेव्हा तेजरामला रिटायर होऊन चार महिने झाले होते. फकिराच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून तो बसला होता, आणि बाकावर बसलेल्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, “आता तो भोंगा वाजो का फुटो! आपले कान बी रिटायर झाले.” बाकावर हशा झाला. तेवढ्यात खाणीच्या दुपारच्या पाळीचा, दोनचा भोंगा वाजला. छत्तीस वर्षं त्या भोंग्यावर उठलेलं अंग. कानानं ऐकायच्या आधी मानेनं ऐकलं, आणि मान वस्तऱ्याखाली असतानाच वर उसळली.

रक्त पाहून फकिरा पांढराफटक पडला. “हात हालला बे, तेजराम. माहा हात हालला.”

तेजरामनं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण आताच मारलेली फुशारकी बाकावर अजून गरम होती, आणि चार जण पाहत होते. तो म्हणाला, “जाऊ दे. काही नाही होत.”

फकिरानं वस्तरा पुसला, मिटला, पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो खुर्चीकडे फिरकला नाही.

एका दिवसात बोलायची गोष्ट आठवड्यानं बोलणं कठीण, वर्षानं त्याहून कठीण. ओल्या पोत्यासारखा तो शब्द तेजरामच्या छातीत जड होत गेला. आणि तिकडे फकिराचा हात, जो कधी थरथरला नव्हता, तो खरंच थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. वय होतं, पण तेजरामला कळत होतं की अर्ध्याहून जास्त भीती होती. ती त्यानं पेरली होती.

म्हणून सुनेनं मशीनचा विषय काढला त्याच दिवशी तो फकिराच्या घरी गेला. फकिरा ओट्यावर वाल सोलत होता.

“नातवाचं जावळ हाये,” तेजराम म्हणाला.

“ऐकलं. बैहरवाला येऊन राह्यला म्हणते.”

“तू येशील.”

फकिरानं दाणा टोपलीत टाकला. तो टोपलीच्या काठावर पडून बाहेर उडाला. “पाह्यलं? वालाचा दाणा नाही सांभाळल्या जात, अन् तू लेकराची टाळू देतं? अजून धकधक करते ती टाळू. माह्या बापानं सांगतलं होतं, ज्या दिवशी हात हालला त्या दिवशी वस्तरा ठेवायचा. मी ठेवला. तू काहून उकरून राह्यला?”

आताच सांगावं, असं तेजरामला वाटलं. पण नुसतं सांगून काय होणार होतं? हात तर आता खरंच हालत होता. सांगितलं असतं, तर फकिराला चार वर्षांचा हिशेब कळला असता, हात नसता परत मिळाला.

“समज, असा वस्तरा असला,” तो म्हणाला, “का हात हालला तरी तो चावतच नाही. तं?”

“त्याले वस्तरा नाही म्हणत बे. त्याले चमचा म्हणते.”

दोघं हसले. पण घरी येताच तेजराम कामाला लागला.

आधी त्यानं सोपा रस्ता पाहिला. उकव्याच्या दुकानातून प्लास्टिकचा दाढीचा रेझर नेऊन फकिराच्या हातात दिला. फकिरानं तो झाडूसारखा धरला, उलटा केला, परत सुलटा केला. “हे माह्या हाताचं नाही. वस्तरा तीन बोटांवर निजते, करंगळी त्याच्या शेपटीवर बसते, अन् हाताचा टेका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. ह्याची दांडी तं खाली लोंबते. करंगळी कुठं ठेवू? तुह्या डोक्यावर?” आणि बोलता बोलता रेझर त्याच्या बोटांतून निसटून वालाच्या टोपलीत पडला.

तेव्हा तेजरामला एक जुनी वस्तू आठवली. वर्कशॉपात लागून वर्ष झालं नव्हतं, तेव्हा एका इंजिनीयर साहेबानं आपल्या आजोबांचा रेझर आटे गेले म्हणून दुरुस्तीला दिला होता. पहिल्या पहिल्या काळातला, जेव्हा पाती काढता-घालता येते हीच नवलाई होती. ना धार लावायचा दगड, ना चामड्याचा पट्टा. पाती बोथट झाली की फेका, दुसरी घाला. तेजरामनं तो खोलून टेबलावर मांडला होता. वर टोपी. टोपीखाली कागदासारखी पाती. पातीखाली फणी, अगदी बायकांच्या फणीसारखी दातेरी. आणि खालून सगळ्यांना आवळून धरणारी आट्यांची दांडी. दातांमधून केस वर येतो आणि पातीला भेटतो. कातडी दातांखाली दबून राहते, पातीला भेटतच नाही. माणसाचा हात चुकणार हे ज्यानं ते बनवलं त्यानं आधीच मान्य केलं होतं, आणि चुकीला जागा करून ठेवली होती.

हीच कळ वस्तऱ्याच्या मुठीवर आडवी बसवली तर?

आता इथं तेजरामनं अशी चूक केली की जी उकव्याचाच माणूस करील. घरात दाराशी एक लोखंडाचा तुकडा पडलेला होता. खाणीतल्या जुन्या क्रशरच्या जबड्याची पाटी. क्रशर बदलला तेव्हा त्यानं आठवण म्हणून तुटका कोपरा घरी आणला होता. मँगनीजचं पोलाद, त्यातलं मँगनीज आपल्याच मातीतून निघालं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. नातवाच्या पहिल्या वस्तऱ्याला उकव्याचंच पोलाद पाहिजे, हे त्यानं मनात धरलं.

हॅक्सॉची पाच पाती गेली. ड्रिलचं टोक किंचाळलं, निळं पडलं, बसलं. दोन कानशी गुळगुळीत झाल्या. तुकड्यावर मात्र नुसती चमक आली.

“बाबा, जितकं घासाल तितकं ते कडक होते,” श्रुतिका दारातून म्हणाली. तिच्या काखेत ढेमस्या होता. “आमच्या आयटीआयमध्ये पहिल्याच वर्षी शिकवते.”

“मले शिकवते? छत्तीस वर्षं मी त्याच पाट्या बदलवल्या.”

“बदलवल्या. कापल्या कधी?”

तेजरामनं कानस उलटून दुसऱ्या बाजूनं घासायला घेतलं. गोदाबाईला संधी मिळाली. “घरातल्या माणसासारखंच हाये ते लोखंड, सूनबाई. टोकलं का जास्त अकडते.”

शेवटी गोदाबाईच्या तडकलेल्या पितळी परातीवर वेळ आली. पितळ गुणाचं, सांगितलेलं ऐकणारं. दोन दिवसांत त्यानं एक सपाट टोपी, एक सपाट फणी केली, मधे दाढीची विकतची पाती ठेवली, सायकलच्या दिव्याच्या स्क्रूनं आवळली, बांबूची मूठ लावली आणि आपल्याच पोटरीवर साबण लावून चालवून पाहिली. पाती फडफडली. केस कापायच्या ऐवजी तिनं उपटले. तेजरामची किंकाळी ऐकून कोंबड्या अंगणातून पळाल्या.

श्रुतिका धावत आली. तिनं ते हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, पातीची कड नखानं हलवली. कड हलली.

“नकाशा कुठं हाये?”

“डोक्यात.”

“डोक्यात नकाशा नसते, बाबा. अंदाज असते.”

तिनं ढेमस्याला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि बालाघाटचं जुनं ड्रॉइंग-बोर्ड पलंगाखालून ओढून काढलं. लग्न झाल्यापासून त्यावर गव्हाची पिशवी ठेवलेली होती. तिनं ते पुसलं. पेन्सिलीला टोक केलं. तेजरामला वरून, समोरून, बाजूनं काय दिसलं होतं ते विचारत गेली. बाजूनं काय दिसलं होतं, ते त्याला आठवेना.

मग तिनं वहीच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि हातात आडवी धरली. पट्टी लोंबली. तिनं ती दोन बोटांत दाबून मधे किंचित वाकवली. पट्टी ताठ उभी राहिली.

“पाती बी कागदच हाये. सपाट धरली तं फडफडणार. वाकवून आवळली का कडक. आपल्या छपराकडं पाहा नं. सपाट मातीचा पापड हातात तुटते, अन् वाकवलेलं कवेलू माकडाच्या उड्या सोसते. तुमच्या साहेबाच्या रेझरची टोपी वाकलेली होती. बाजूनं पाह्यलंच नाही तुम्ही.”

तेजरामनं डोळे मिटले. चाळीस वर्षांपूर्वीचं टेबल. खिडकीतून येणारं ऊन. ऊन टोपीच्या पाठीवरून घरंगळत होतं. हौ. पाठ कासवाची होती.

“आता अडचण ही,” श्रुतिका म्हणाली, “का टोपीचा बाक अन् फणीचा बाक एकच पाहिजे. केसाएवढा फरक पडला तं पाती सुटते. एकसारखा बाक दोन पत्र्यांले हातानं कसा देणार?”

सासरा-सून बोर्डावर डोकं घालून बसले. दाराशी ठक् ठक् आवाज येत होता. गोदाबाई नेहमीप्रमाणे चारोळी काढत होती. त्या क्रशरच्या तुकड्यावर दोन उंचवट्यांमधे एक उथळ, लांबट पाट होता. वर्षानुवर्षं खडक चावून चावून तो आरशासारखा गुळगुळीत झालेला. त्यात ती चाराच्या बिया मांडायची आणि दगडानं फोडायची.

“वीस वर्षं फोडून राह्यली मी,” तिनं मान न उचलता सुनावलं, “ह्याच्यावर ओरखडा नाही उमटला. अन् हे निंघाले ह्याले कानशीनं कापायले!”

तेजराम उठला. त्या पाटात पडलेल्या बीकडे तो पाहत राहिला. मग त्यानं वाकून बिया ओंजळीत घेतल्या आणि बायकोच्या सुपात टाकल्या.

“अजी, काय झालं?”

“काही नाही वं. तुह्या उखळीत आज दुसरं धान.”

त्यानं परातीतून कापलेले दोन कोरे पत्रे एकावर एक ठेवले, पाटात निजवले, आणि गोल डोक्याच्या हातोडीनं हळूहळू ठोकत गेला. पितळ खाली बसत गेलं, पाटाला लागत गेलं. जे पोलाद कापून घ्यायला तयार नव्हतं, ते साचा व्हायला एका पायावर तयार होतं. मार खायची त्याला सवय होती. दोन्ही पत्रे उलटे केले तेव्हा एकाच आईच्या दोन लेकरांसारखी त्यांची पाठ एक होती. श्रुतिकानं मधे पाती घातली, स्क्रू आवळला, नखानं कड हलवली. कड हलली नाही.

तिनं जे ‘हुर्रे’ केलं त्यानं ढेमस्या दचकून रडायला लागला.

फणीचे दात तेजरामनं कापले, गोदाबाईची शिसवी फणी समोर ठेवून. पातीची दुसरी धार पत्र्यानं झाकली, म्हणजे बोट चुकून तिकडे जायला नको. एकेका दाताचं टोक घासून त्यानं गोल केलं. मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर ते फिरवून पाहायचं काम श्रुतिकानं स्वतःकडे घेतलं. “हा टोचते. हा बी टोचते.” तेजराम निमूटपणे परत घासायचा. वर्कशॉपात त्याला असा फोरमन कधी भेटला नव्हता.

दोघं ते घेऊन फकिराकडे गेले.

फकिरानं आधी नुसतं पाहिलं. उजेडात धरलं. फणीवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

“दात दाट झाले. जावळ म्हणजे मिशी नाही, बाई. जावळ लांब असते, मऊ असते, ओलं झालं का गुंतते. हे इथंच अडकन. एक सोडून एक दात काढ.”

“काढतो,” तेजराम म्हणाला.

“अन् शेपटी? करंगळीले जागा?”

“हाये नं. धर तं.”

“मी कायले धरू? मी फक्त सांगून राह्यलो.”

तीनदा ते परत गेले. दात विरळ झाले. पातीची कड आणि फणी यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट होती, ती श्रुतिकानं तेंदूच्या सुकलेल्या पानाएवढी केली. पान फटीतून अडखळत सरकलं की माप बरोबर. प्रत्येक खेपेला फकिरा फक्त सांगत होता, आणि प्रत्येक खेपेला त्याची बोटं मांडीवर काहीतरी धरल्यासारखी वळत होती. हे तेजरामनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

चौथ्या खेपेला फकिरा उठला, छपरावरच्या वेलाचा एक कोवळा कोहळा तोडून आणला आणि मांडीवर ठेवला. कोवळ्या कोहळ्याला बाळाच्या कानावर असते तशी लव असते. साल इतकी पातळ की नखाची रेघ उमटते. महागूनं पोराला वस्तरा असाच शिकवला होता: लव निघाली पाहिजे, रेघ नको. अकरा कोहळे बिघडवल्यावर फकिराला माणसाचं डोकं मिळालं होतं.

त्यानं कोहळ्याला फेस लावला. वस्तरा उचलला. तीन बोटं, शेपटीवर करंगळी. हात थरथरला. तिघांनीही पाहिला. फकिरानं दात आवळले आणि हात तसाच, थरथरता, कोहळ्यावरून ओढला. एकदा. परत. पुन्हा एकदा.

पाण्यानं फेस धुतला. लव गेली होती. हिरवी, ओली, चकचकीत साल. फकिरानं ती उन्हात फिरवून पाहिली, बोटानं चाचपली, शेवटी डोळ्यांवर विश्वास न बसून गालाला लावून पाहिली.

रेघ नव्हती.

तो आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात महागूच्या वस्तऱ्याची शिंगाची मूठ होती. पातं कधीच तुटलेलं. मूठ पन्नास वर्षांच्या घामानं काळीभोर, गुळगुळीत झालेली.

“बांबू काढ,” तो म्हणाला. “हे बसव.”

श्रुतिका इतका वेळ उभी होती. तिनं बाही वर केली आणि हात पुढे धरला. “काका, कोहळा कोहळा असते. आधी माह्यावर. मग माह्या लेकरावर.”

फकिरानं तिच्या हातावर वस्तरा चालवला. तिनं डोळे मिटले नाहीत, एकेक इंच पाहत राहिली. संपल्यावर हातावरून हात फिरवला.

“हौ,” ती म्हणाली. “बैहरवाल्याले फोन करते. नोको येऊ म्हणते.”

जावळाच्या दिवशी अंगणात मांडव नव्हता, पण माणसं मांडवाएवढी होती. थरथरत्या हाताचा न्हावी वर्षाच्या आतल्या लेकराचं डोकं करणार, ही बातमी उकव्यात भोंग्यापेक्षा लवकर पोचली होती. खैरलांजीहून श्रुतिकाचा भाऊ मोहित बाइकवर आला होता. मामा म्हणून भाच्याला मांडीवर घ्यायचा मान त्याचा. बालाघाटहून रजतची बहीण देवश्री आली होती, आत्या म्हणून केस झेलायला पळसाचं पान घेऊन बसली.

“काका, पक्कं नं?” मोहित म्हणाला. “भाचा एकच हाये माहा.”

“तुही मांडी नोको हालवू,” फकिरा म्हणाला. “माह्या हाताले तं आता हालायची परवानगी हाये.”

मग त्यानं ओलं जावळ बोटांनी विंचरलं, आणि सगळं अंगण ज्याची वाट पाहत होतं ते झालं. महागूचा आवाज आला. तोच खरबरीत, तोच मधे तुटणारा, फक्त तोंड पोराचं.

“हालू नोको राजा, डोलू नोको…”

तेजरामच्या मानेवर काटा आला. पहिली बट पळसाच्या पानावर उतरली. दुसरी. गाणं संपलं तरी डोकं अर्धंच झालं होतं, म्हणून फकिरानं तिथल्या तिथं पुढचं जोडलं:

“टोपीखाली पाती, पातीखाली फणी,
आज्यानं घडवली, आखली मायनी.
हात माहा म्हातारा, थरथरू दे गा,
बाळाच्या माथ्याले लागेना गा कोणी.”

बायकांनी शेवटची ओळ उचलली. ढेमस्या मामाच्या शर्टाची गुंडी चघळत होता. एकदाही रडला नाही. शेवटी फकिरानं ओल्या फडक्यानं डोकं पुसलं, मोहितनं भाच्याला वर उचललं, आणि ते टक्कल कार्तिकाच्या उन्हात असं चमकलं की गोदाबाईनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. ना रक्त, ना ओरखडा. श्रुतिकानं लेकराला घेतलं, टाळूवर ओठ टेकवले आणि तसेच ठेवले.

जेवणं झाली तरी माणसं हालेनात. “काका, माही दाढी,” म्हणून मोहित बसला. मग शेजारचा चैतराम बसला. मग रांगच लागली. कोणीतरी गेटासमोरची जुनी खुर्ची, सुकल्या फुलांसकट, उचलून आणली. प्रत्येक दाढीनंतर फकिरा वस्तरा उघडायचा, टोपी, पाती, फणी पाण्यात खळबळायचा, परत आवळायचा, आणि पाहणाऱ्यांना पातीचा बाक दाखवायचा. “सपाट धरली तं फडफडते. वाकवली का कडक. कवेलू पाह्यलं नं?” जणू ते त्यालाच सुचलं होतं. श्रुतिका दारातून हसत होती. तिनं दुरुस्त केलं नाही.

“तेजराम,” फकिरानं हाक मारली. “तू काहून लपून राह्यला? चार वर्षं बैहरच्या पोरांकडून गाल सोलून घेतले. ये.”

तेजराम बसला. फेस लागला. ओळखीची ती बोटं डोक्यावर टेकली. किती वाजले याचं त्याला भान नव्हतं. आनंदात ते कोणालाच नव्हतं. वस्तरा उजव्या कानाखाली आला, त्याच जुन्या वणाजवळ, आणि दोनचा भोंगा वाजला.

मान उसळली.

अंगण जागच्या जागी थिजलं. फकिराचा हात हवेत राहिला. त्यानं अंगठ्यानं हळूच फेस बाजूला केला. खाली कातडी. ओली, सुरकुतलेली, अख्खी. लाल काही नाही. फणीचे दात दाबून सरकले होते, एवढंच.

“नाही लागलं!” मोहित ओरडला. “अरे, नाही लागलं!” आणि अंगणात एकच गलका झाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी चैतरामची पाठ थोपटली, ज्याचा यात काही संबंध नव्हता. फकिरा मात्र हसला नाही. तो आपल्या हाताकडे पाहत होता. मग तेजरामच्या मानेकडे. मग परत हाताकडे.

तेजरामनं खुर्चीतूनच हात वर केला. गलका थांबला. चार वर्षांपूर्वी बाकावर होते चौघंच. आज पन्नास होते. बरं झालं, त्याला वाटलं.

“फकिरा,” तो म्हणाला, “त्या दिवशी बी हाच भोंगा होता. तुहा हात नव्हता हालला बे. मान माही हालली होती.”